गोव्याच्या उकाड्यात यीस्टचा पिझ्झा: बेस पांढरा, कडक आणि आंबट का होतो?

सुरंगी:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळ राहते. गेल्या महिन्याभरात चार वेळा घरी पिझ्झा केला आणि चारही वेळा बेस बिघडला. आता पाचव्यांदा मैदा वाया घालवण्याआधी तुम्हाला विचारते.

माझं प्रमाण असं: मैदा 300 ग्रॅम, ड्राय यीस्ट 2 चहाचे चमचे, साखर 1 चमचा, मीठ 1 चमचा, तेल 2 मोठे चमचे, कोमट पाणी लागेल तसं. मळून, तेलाचा हात लावून, पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवते. पाककृतीत लिहिलंय, ‘उबदार जागी 2 तास’. पीठ पाऊण तासातच पातेल्याच्या काठाला येतं, बघून बरं वाटतं. दोन तासांनी झाकण काढलं की मधोमध खड्डा, पीठ चिकट, आणि वास असा की परवा सासूबाई माजघरातून विचारत आल्या, “घरात सूर कुणी आणली गो?” (सूर म्हणजे माडाची ताडी.)

ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) 230 अंशांवर वीस मिनिटं ठेवते. चीज करपायला येतं तरी बेसची कड पांढरीफटक. गरम असताना वातड, गार झाल्यावर खापरी. मुलाने वरचं सगळं खाल्लं आणि कडा ताटाच्या एका बाजूला रचून ठेवल्या.

तयार बेस आणायचा नाही, घरीच जमवायचं आहे. चूक यीस्टची, मैद्याची, ओव्हनची की हवेची?

रुमडी:
वाचते आहे. डिचोलीतही अगदी हेच होतं. उत्तरं येऊ देत लवकर.

मीठागर:
सुरंगीताई, तुमच्या सासूबाईंच्या नाकाने निदान केलंय. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि सोबत अल्कोहोल तयार करतं. सुरेतही हीच क्रिया चालते. तुमचं पीठ पाऊण तासात तयार झालं होतं, पुढचा सव्वा तास ते आंबत राहिलं.

बाकीच्या तक्रारीही तिथूनच निघतात. जास्त आंबलं की मैद्यातलं ग्लुटेनचं (लवचीक प्रथिनांचं) जाळं सैल पडतं, वायू धरून ठेवता येत नाही, म्हणून मधला खड्डा. कडेला रंग यायचा तो पिठात उरलेल्या साखरेमुळे. ती यीस्टने संपवली म्हणून कड पांढरी. मग रंग येईल या आशेने आपण जास्त वेळ भाजतो आणि बेस सुकून खापरी होतो.

‘उबदार जागी 2 तास’ हे ज्या घरात 20-22 अंश असतात तिथलं लिखाण आहे. आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात ओट्याशी 33 असतात. दहा अंश वाढले की यीस्टचं काम साधारण दुपटीने होतं. त्यात 300 ग्रॅमला दोन चमचे यीस्ट म्हणजे फारच. अर्धा चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट पुरे.

आणि पाणी कोमट कशाला? पीठ बत्तीस अंशांचं, हवा बत्तीसची, तर पाणी तरी गार असू दे. मी माठातलं घेतो. फक्त तुमचं यीस्ट जाड दाण्याचं, आधी भिजवावं लागणारं असेल तर ते तेवढं दोन-तीन चमचे कोमट पाण्यात फुलवून घ्या आणि बाकीचं पाणी माठातलं वापरा. बारीक दाण्याचं इन्स्टंट थेट मैद्यात मिसळतं.

झुआरीकाठ:
मीठागर यांना अनुमोदन. एक भर: फोडलेलं यीस्टचं पाकीट कपाटात ठेवू नका. आपल्या दमट हवेत ते महिन्याभरात मरतं. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, फ्रीझरमध्ये. मी वर्षभर तसं वापरते.

कुळागर:
मला वाटतं सगळे यीस्टच्या मागे लागलेत आणि मैदा विसरलेत. आपल्याकडच्या साध्या मैद्यात 100 ग्रॅमला 10 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पाकिटावर बघा. ब्रेडसाठीच्या पिठात 12-13 असतात. कमी प्रथिनांचं ग्लुटेन लवकर थकतं. म्हणून आपल्या मैद्याला लांबलचक आंबवणं आणि खूप पाणी दोन्ही सोसत नाही. 300 ग्रॅमला 185 ते 190 ग्रॅम पाणी, त्यापुढे जाऊ नका. आणि पावसाळ्यात मैदाच ओल धरतो, तेव्हा 180 वर थांबायचं. ‘लागेल तसं पाणी’ हे चपातीला ठीक, इथे वजनकाटा घ्या.

मळणं कमी पडलं तरी असंच होतं. दहा मिनिटं मळून लिंबाएवढा गोळा घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणायचा. फाटण्याआधी पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.

पावशेर:
एवढं करण्यापेक्षा सकाळी पोदेर (पाववाला) येतो त्याच्याकडून पोळी घ्यायची, मधून चिरून दोन करायच्या, वर टोमॅटो, कांदा, चीज, तव्यावर झाकण. दहा मिनिटांत पिझ्झा. आमच्या घरी दर शनिवारी असतो, पोरं तुटून पडतात.

सुरंगी:
पावशेर, ते आमच्याकडेही करतो आणि आवडीने खातो. पण त्याला मी पोळीच म्हणते :) मला आंबवलेल्या पिठाचा पिझ्झा शिकायचा आहे.

मीठागर, तुम्ही लिहिलेलं वाचून पाकीट काढून बघितलं. यीस्ट इन्स्टंटच आहे आणि मी ते कोमट पाण्यात साखर घालून पंधरा मिनिटं फुलवत होते. म्हणजे त्याला आधीच पळायला लावत होते.

मावळतीचा_पाऊस:
अवांतर: परप्रांतातल्या वाचकांसाठी, पावशेर म्हणतात ती पोळी म्हणजे पुरणपोळी किंवा चपाती नव्हे. गोव्याची पोळी हा कोंडा भुरभुरलेला, आतून पोकळ, खिशासारखा उघडणारा पाव. पाव, उंडे, कातरे पाव, कांकणं, पोळी असे पोदेराचे प्रकार. पाव हा शब्द पोर्तुगीज, पोदेरही तिकडूनच आलेला.

माडाखाली:
सुरेचा विषय निघालाच आहे तर लिहितो. पोर्तुगिजांना इथे गहू मिळाला पण यीस्ट मिळालं नाही, तेव्हा पाव आंबवायला माडाची सूर वापरू लागले. आमच्या वाड्यावरच्या भट्टीत माझ्या लहानपणापर्यंत सूरच होती. रेंदेर सकाळी माडावरून उतरला की त्यातला एक वाटा थेट भट्टीवर जायचा. त्या पावाला किंचित गोडसर वास असायचा. आता रेंदेर कमी झाले, माडावर चढायला कुणी मिळत नाही, आणि भट्ट्यांनी यीस्ट धरलं. आमच्या घरात सान्नांसाठी (तांदळाच्या, इडलीसारख्या वाफवलेल्या) मात्र अजून सूरच लागते.

गेल्या चवथीनंतर मी सूर घालून पिझ्झ्याचं पीठ भिजवलं होतं. 300 ग्रॅम मैदा, सकाळी उतरवलेली सूर 120 मिली, बाकी पाणी, मीठ. साखर अजिबात नाही, सुरेत ती असतेच. सकाळी आठला भिजवलं, दीडला फुगून तयार. यीस्टपेक्षा सावकाश, पण सारखं वर चढत होतं. भाजल्यावर कडेला बदामी रंग आणि तोच लहानपणचा वास. दुपारी शिळी झालेली सूर एकदा वापरून पाहिली, ती आंबट पडली आणि पीठ गळालं. करायचं तर सकाळचीच हवी.

सुरंगी, तुमच्या सासूबाईंना हे करून वाढा. त्यांना वास ओळखीचा वाटेल आणि रागही येणार नाही.

रुमडी:
माडाखाली, किती सुंदर लिहिलंत. आमच्या गावात पोदेर अजून सायकलवर येतो. पहाटे त्याचा भोंगा ऐकला की आजोबा फाटकापाशी जाऊन उभे. टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला सारलं की आधी वाफ वर येते.

बोटीवरचा:
मी मडगावचा. प्रवासी बोटींवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, सोळा वर्षं काढली, त्यातली पाच पिझ्झाच्या ओव्हनसमोर. बोट नेपल्सला लागली की उतरून एकच काम, पिझ्झा खाणे आणि करणाऱ्याचे हात बघणे. म्हणून थोडं मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

नेपल्सच्या अस्सल पिझ्झाच्या पिठात चारच वस्तू: पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. साखर नाही, तेलही नाही. 1984 साली तिथे एक संघटना स्थापन झाली, तिने हे नियम लिहून काढले. 2017 मध्ये तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पण त्यांची लाकडाची भट्टी 430 ते 480 अंशांवर चालते आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो. आपल्या ओटीजीत 230-250. इथे दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात पाणी उडून जातं. म्हणून घरी एक मोठा चमचा तेल घालावं असं माझं मत आहे, त्याने बेस मऊ राहतो. दोन चमचे नकोत.

आता भट्टीची उष्णता घरी कशी आणायची? तळातून. पोदेराची भट्टी आठवा. पाव दगडी तळावर बसतो, तळाने साठवलेली धग त्याला एकदम खालून मिळते. ओटीजीतला पातळ पत्र्याचा ट्रे गार असतो, तो आधी स्वतः तापतो मग पिझ्झ्याला तापवतो. बिडाचा तवा घ्या, ओव्हनमध्ये उपडा ठेवा, सगळ्यात वरच्या आकड्यावर पाऊण तास तापवा. दिवा विझला म्हणजे हवा तापली, तवा अजून तापायचा असतो. मग पिझ्झा त्या तव्यावर सरकवा. सात-आठ मिनिटांत होतो.

आणि लाटणं लांब ठेवा. दोन तास सांभाळून पिठात भरलेली हवा लाटण्याने एका फेरीत निघून जाते. गोळा रवा भुरभुरलेल्या ओट्यावर ठेवा, बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे दाबत जा, कडेचं बोटभर सोडून द्या. ती कड फुगायला लागते. पीठ मागे आखडत असेल तर दमलंय, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग ऐकतं.

मीठागर:
बोटीवरचा, फार उपयोगी प्रतिसाद. तव्याबद्दल शंभर टक्के सहमत. साखरेबद्दल थोडा वेगळा अनुभव: आपल्या 230 च्या ओव्हनमध्ये अर्धा चमचा साखर घातली तर कडेला रंग येतो.

बोटीवरचा:
मीठागर, पीठ वेळेवर भाजलंत तर साखरेशिवाय रंग येतो. एकदा करून बघा. नाही आला तर पुढच्या वेळी घाला, माझी हरकत नाही.

भरती_ओहोटी:
बिडाचा तवा नसेल तर जांभ्या दगडाची फरशी चालेल का? अंगणात चिरे पडलेत घराच्या कामातले.

कुळागर:
अजिबात नको. चिऱ्याला भोकं असतात, तो पाणी पितो. तापल्यावर आतल्या पाण्याची वाफ होऊन तडकतो, तुकडे उडतात. आमच्याकडे चुलीशी ठेवलेला एक चिरा असाच फुटला होता, नशिबाने जवळ कुणी नव्हतं. बिडाचा तवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघा.

झुआरीकाठ:
फ्रिजचं कुणीच लिहिलं नाही! उकाड्यावर माझा उपाय तोच आहे. यीस्ट पाव चमचा, गार पाणी, मळून अर्धा तास बाहेर आणि मग डब्यात घालून फ्रिजमध्ये 24 तास, फार तर 48. चार-पाच अंशांवर यीस्ट रांगत काम करतं, चव मुरते, पीठ हाताला रेशमासारखं लागतं. भाजण्याआधी तासभर बाहेर काढायचं. आपल्या हवेत तेवढं पुरतं.

सावधगिरी एकच, पावसाळ्यात वीज जाते. गेल्या जुलैत रात्री नऊला गेली ती पहाटे आली. सकाळी फ्रिज उघडला तर डब्याचं झाकण वर उचललेलं आणि पीठ बाहेर येऊन खालच्या कोथिंबिरीवर बसलेलं. तेव्हापासून डबा पिठाच्या तिप्पट घेते.

शेंदरी:
गव्हाच्या पिठाचा करतं का कुणी? घरी मधुमेह आहे.

कुळागर:
शेंदरी, तिसरा हिस्सा कणीक, दोन हिस्से मैदा इथपर्यंत छान होतो. पूर्ण कणकेचा जड होतो, कारण कोंड्याचे कण ग्लुटेनचं जाळं कापतात. कणीक पाणी जास्त पिते, दोन-तीन चमचे वाढवा आणि भिजवून वीस मिनिटं तशीच ठेवा, मग मळा. मात्र मधुमेहासाठी कणकेने फारसा फरक पडेल असं समजू नका. तुकडे मोजून खाणं आणि डॉक्टरांना विचारणं, दोन्ही हवं.

पावशेर:
वर काय घालता तेही लिहा की. बेस बेस करून भूक लागली.

भरती_ओहोटी:
चोरीस (गोव्याचं मसालेदार डुकराच्या मांसाचं सॉसेज)! आधी कढईत परतून, सुटलेली चरबी अर्धी काढून. विनेगर आणि मिरचीचा तो वास ओव्हन उघडताच घरभर होतो. वर कच्चा कांदा, बाकी काही नको.

रुमडी:
आमच्याकडे सोमवारी शिवराक (शाकाहारी), तेव्हा भोपळी मिरची, मक्याचे दाणे, आणि टोमॅटोत लसणाऐवजी थोडी मिरपूड. कांदा-लसणाशिवायही चांगला लागतो. पावसात अळंबी आली की ती घालून बघायचं मनात आहे.

माडाखाली:
रुमडी, रानातली अळंबी पिझ्झ्यावर घालू नका हो! वर्षातून दोन-तीन आठवडे मिळतात, पानांत बांधून, नग मोजून. त्यांची शागोतीच (वाटलेल्या मसाल्याचा रस्सा) करावी. चीजखाली ती चव मरते. शिवाय दरवर्षी ती कमी होत चालली आहेत, वारुळांच्या जागा खणल्या जातात. पिझ्झ्याला बाजारातली बटण अळंबी घ्या.

रुमडी:
पटलं. शागोतीच करते.

बोटीवरचा:
सॉसबद्दल एक सांगून थांबतो. नेपल्सला टोमॅटो कच्चेच कुस्करून घालतात, पण तिथले टोमॅटो गराचे. आपले पाणचट. कच्चे घातलेत तर मधला भाग ओला राहतो आणि तुकडा उचलताच टोक लोंबतं. साल काढून, चिरून, मीठ घालून चाळणीत अर्धा तास निथळा किंवा कढईत आटवा, पळीच्या मागे कढईचा तळ दिसेपर्यंत. चीज मोझरेलाच घ्या, प्रोसेस्ड चीज ताणलं जात नाही. आणि थोडं घाला. जास्त चीज म्हणजे जास्त पाणी.

सुरंगी:
मंडळी, रविवारी पुन्हा केला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत.

मैदा 300 ग्रॅम, माठातलं पाणी 188 ग्रॅम (नणंदेचा वजनकाटा आणला), इन्स्टंट यीस्ट अर्धा चमचा, मीठ 6 ग्रॅम, तेल 1 मोठा चमचा. साखर नाही. बारा मिनिटं मळलं. पहिली पाच मिनिटं हाताला चिकटत होतं, पीठ टाकायचा मोह आवरला, आठव्या मिनिटाला आपोआप सुटलं. ताणून बघितलं, खिडकीचा उजेड दिसला.

पातेलं ओट्यावर न ठेवता देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं, तिथे जमीन शेणाची होती तेव्हापासून गारवा असतो असं सासूबाई म्हणतात. या वेळी घड्याळ लावलं नाही. पातेल्याला बाहेरून पिठाच्या उंचीवर रबरबँड लावला आणि दुप्पट कधी होतं ते बघत राहिले. एक तास पन्नास मिनिटं लागली.

मधे सासूबाई आल्या. न बोलता करंगळी पिठात खुपसली, काढली आणि वाकून बघत बसल्या. खळगा हळूहळू अर्धा भरला. “झालं. आता ठेवू नको,” म्हणाल्या. सान्नांच्या पिठाला त्या असं कधी करत नाहीत, मग कुठून आलं म्हणून विचारलं. त्यांच्या माहेरी शेजारीच भट्टी होती, लहानपणी रोज संध्याकाळी तिथे बसायच्या, पोदेर असंच बोट लावून बघायचा. लग्नाला अठरा वर्षं झाली, हे मला ठाऊक नव्हतं.

दोन गोळे केले. लाटणं काढलंच नाही. पहिला जरा नकाशासारखा झाला, दुसरा बऱ्यापैकी गोल. बिडाचा तवा उपडा, 250 वर पंचेचाळीस मिनिटं तापवला. चौथ्या मिनिटाला काचेतून कड वर येताना दिसली, मी मुलाला हाक मारली, तो पुस्तक टाकून आला. आठव्या मिनिटाला काढला. कडेला बदामी रंग, दोन ठिकाणी काळे ठिपके, खाली तव्याचे डाग. सुरीने कापताना कर्रर्र आवाज आला आणि आत भोकं भोकं.

मुलाने कडा आधी खाल्ल्या.

दुसरा अजून सुधारायचा आहे, मधे थोडा ओला राहिला, टोमॅटो कमी आटवले होते. बोटीवरचा, ते तुमचं ऐकायला हवं होतं.

बोटीवरचा:
वा! काळे ठिपके आले म्हणजे तवा नीट तापला होता. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बोट लावून परीक्षा आम्हाला गॅलीत शिकवली तीच.

मीठागर:
साखरेशिवाय रंग आला हे नोंदवून ठेवलं. पुढच्या वेळी मीही घालणार नाही.

शेंदरी:
सुरंगी, रबरबँडची युक्ती आजच करते. तिसरा हिस्सा कणीक घालून, कुळागर यांनी सांगितलं तसं. पाणी किती लागलं ते इथेच लिहीन.

माडाखाली:
सुरंगी, सासूबाईंच्या माहेरच्या भट्टीत सूर घालत होते का, तेवढं विचाराल? आणि किती घालत, तेही.

सुरंगी:
विचारलं. घालत होते. माप म्हणे नारळाच्या करवंटीचं होतं, पण किती पिठाला ते त्यांना आठवत नाही. आमच्या शेजारच्या वाड्यावर एक रेंदेर अजून येतो, त्याला रविवारची सकाळची सूर सांगून ठेवली आहे. तुमचं 120 मिलीचं प्रमाण धरते. बोट सासूबाईच लावणार आहेत.